ठिगळाएवढी जागा

आमच्या कुंभेरी गावचं कुठलंही तांब्याचं भांडं हातात घ्या. घागर असो, हंडा असो, नाहीतर हा साधा तांब्या. सगळ्या अंगावर मठाराचे, म्हणजे हातोडीने ठोकून घट्ट करण्याचे, ठोके दिसतील, ओळीने, एकाला एक लागून. आता अंगठा बुडाकडे न्या. जरा खाली. लागली ना गुळगुळीत जागा? तिथे ठोका नाही. शहरातली मंडळी येतात, नेमकी तीच जागा शोधून काढतात आणि म्हणतात, काका, इथे काम राहिलंय. काम राहिलेलं नाही. ती जागा ठेवलेली आहे. या तांबट आळीत कुणीही, कितीही घाईत असला, तरी तिथे हातोडा लावत नाही.

बसा, सांगतो. ठोक्यांचा आवाज होईल, त्याला इलाज नाही. तो समोर बसलाय तो माझा मुलगा, भालचंद्र. त्याला ही हकीकत पाठ आहे, म्हणून तो मान वर करायचा नाही.

गावाच्या वर ती खिंड दिसते आणि खिंडीच्या उजव्या अंगाला उघडा कडा. जुना रस्ता त्या खिंडीतून होता. तिथे भागाई नावाची म्हातारी पाणपोई चालवायची. तिला मूलबाळ नव्हतं. गावाने दिलेला एक तांब्याचा मोठा हंडा आणि वर पळसाच्या पानांचं छप्पर, एवढाच तिचा संसार. हे कधीचं म्हणाल, तर माझे आजोबा सांगत की सात पिढ्यांपूर्वीचं. त्यांचे आजोबाही सात पिढ्याच सांगत म्हणे. तेव्हा पिढ्या मोजू नका.

त्या काळी आळीत नारोबा तांबट हा मोठा माणूस. गावच्या पाच पंचांतला एक. घरात बायको सगुणा, मुलगा गंगाजी, त्याची पहिलटकरीण बायको, आणि लग्न ठरलेली लेक आवडी. दोन वर्षं पाऊस नव्हता. तांबं आणणारे बैलांचे तांडे यायचे बंद झाले होते आणि आळीतले भाते थंड पडले होते. आवडीचं लग्न तर तोंडावर आलेलं. आमच्यात रीत अशी, की लग्नाच्या दोन दिवस आधी नवरीने कोऱ्या घागरीतून तळ्याचं पाणी आणून देवापुढे ठेवायचं. घागर माहेरच्या माणसाने स्वतःच्या हाताने घडवलेली पाहिजे. तांबटाची लेक उसन्या घागरीने पाणी आणते, ही गोष्ट गंगाजीला सहन होईना. बहिणीवर त्याचा फार जीव होता, हे सगळेच सांगतात.

एके दिवशी गंगाजी घरी तांब्याचे पत्रे घेऊन आला. बायकोच्या माहेरून जुनी भांडी आणली, मोडून घेतली, असं त्याने सांगितलं. नारोबाने जास्त चौकशी केली नाही. माझं म्हणणं विचाराल तर त्याला करायची नव्हती.

त्याच दिवशी भर दुपारी भागाई खिंडीत मेलेली सापडली. हंडा नाहीसा झाला होता. तिच्याजवळ तिमण्णा नावाचा एक वडार बसला होता. बायकोला घेऊन दगड फोडायच्या कामाच्या शोधात तो गावोगाव फिरत होता. म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन तो आपल्याजवळचं उरलेलं पाणी ओंजळीने तिच्या ओठांना लावत होता. गावकऱ्यांनी त्याला तसाच बांधून आणला. हंडा कुठे पुरलास, एवढा एकच प्रश्न त्याला विचारत राहिले. त्याला माहीत असतं तर त्याने सांगितलं असतं. तो सांगत नाही म्हणून त्याचा उजवा हात दगडाखाली ठेचला.

देवळापुढे पंच बसले. पाचांनी बेलभंडारा उचलला आणि पाचांनी तिमण्णाला दोषी ठरवलं. आठव्या दिवशी कडेलोट. त्या पाचांत नारोबा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारोबाने भात्याजवळची मोडीची टोपली ओतली. तांबट माणूस तांब्याचा तुकडा फेकत नाही. खिळ्याच्या टोपणाएवढा असला तरी टोपलीत टाकतो. आज ना उद्या कामाला येईल म्हणून. गंगाजीनेही तेच केलं होतं. घागरीत बसेना तेवढा एक तुकडा कापून त्याने टोपलीत टाकला होता. दुसऱ्या कुणी चोराने तो विहिरीत फेकला असता. आम्हाला ते सुचत नाही.

तो तुकडा म्हणजे विड्याच्या पानाच्या आकाराचं एक ठिगळ होतं, अंगठ्याएवढं. तीन वर्षांपूर्वी भागाईचा हंडा बुडाशी गळायला लागला तेव्हा नारोबानेच ते लावलं होतं. आपल्या हातचा जोड माणूस ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

त्याने गंगाजीला आत बोलावलं आणि तुकडा पुढे ठेवला.

"हे कुठलं?"

गंगाजीने तुकड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "आबा, ती झोपली होती. हंडा उचलला तशी जागी झाली आन् वरडायला लागली. म्या निसता तोंडावर हात धरला. गप व्हावी म्हणून."

"आन् त्यो वडार?"

"त्यो मागनं आला असंल. मला ठावं नाही." आणि मग तो बापाचे पाय धरून म्हणाला, "आवडीपायी केलं, आबा. ती उसनी घागर घेऊन जाणार हुती."

इथे थोर माणसाची गोष्ट सांगणारे लोक सांगतात, की नारोबा तसाच उठला आणि चावडीवर गेला. शाळेतल्या नाटकात तर तो गडगडाटी भाषणही करतो. खोटं आहे. नारोबा उठला नाही. त्याने ठिगळ कनवटीला लावलं आणि गप्प बसला. एक दिवस नाही, सात दिवस. गंगाजी घागर मठारत होता, बाप शेजारी बसून बघत होता, आणि वेशीबाहेर तिमण्णाची बायको नागव्वा येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडत होती.

चौथ्या दिवशी त्याने सगुणेला सांगितलं. ती रडली नाही. तिने आधी दार लावून घेतलं.

"त्या वडाराचं आन् आपलं काय नातं?" ती म्हणाली.

"नातं नाही. म्या त्याला दोषी म्हनलंय, येवढंच."

"मग ऱ्हाऊ द्या तसंच. सुनंच्या पोटात लेकरू हाय. तुमी तोंड उघडलंत तर या घरात मी परत दिवा लावनार नाही, ध्येनात ठेवा."

तिला वाईट ठरवू नका. पोटच्या पोराला कड्यावर पाठवणारी आई मला तरी अजून भेटलेली नाही.

आठवा दिवस उजाडला. तिमण्णाला कड्याकडे न्यायला निघाले तेव्हा सूर्य चांगला वर आला होता. पुढे वाजंत्री नव्हती. पंच मागून चालले होते. आणि वेशीपाशी समोरून आवडी आली. लग्नाला दोनच दिवस राहिले होते, म्हणून ती रीतीप्रमाणे तळ्याचं पाणी घेऊन देवळाकडे निघाली होती. कमरेवर नवी घागर. उन्हात अशी झळकत होती म्हणे, की लोकांचे डोळे दिपले.

तिमण्णाने पाणी मागितलं. देवाचं पाणी, भावाने घडवलेल्या घागरीतलं, द्यावं की नाही, म्हणून लोक कुजबुजले. आवडीने विचारलंही नाही. तिने घागर वाकवली. तिमण्णाला एकच हात पुढे करता येत होता, दुसरा फडक्यात बांधलेला होता. एका हातात पाणी ठरेना, तेव्हा तिने घागर कमरेवरच तोलून आपला एक हात त्याच्या हाताला लावला आणि दोघांची मिळून ओंजळ केली. तो पोटभर प्याला. मग त्या मोडक्या हाताने नमस्कार करायला गेला, जमलं नाही, म्हणून नुसता म्हणाला, "पोरी, तुजा भाऊ जगू दे. लई चांगली घागर केली त्यानं."

नारोबाने हे ऐकलं. भागाईच्या हंड्याचं पाणी पिऊन तो माणूस गंगाजीला आयुष्य देत होता. नारोबा खाली बसला आणि म्हणाला, "थांबा."

कनवटीचं ठिगळ काढून त्याने सगळ्यांसमोर जमिनीवर ठेवलं. "हे भागाईच्या हंड्याचं. माज्या हातचं. माज्या घरात सापडलं. हंडा त्या घागरीत हाय."

सगळं गाव घागरीकडे बघायला लागलं. आवडीने ती हळूच खाली ठेवली आणि पदराला हात पुसले.

गावाला हे नको होतं. एक पंच म्हणाला, "नारोबा, ऊन लागलंय तुमाला. ठिगळासारखं ठिगळ असतंय." दुसऱ्याने कानाशी येऊन सांगितलं, की वडार आज गेला तर उद्या दुसरा येईल, असा कारागीर परत मिळायचा नाही. सगळे त्याला पळवाट देत होते. नारोबाने फक्त गंगाजीकडे पाहिलं. गंगाजी गर्दीतून स्वतःहून पुढे आला. एवढं त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

पंच तिथेच वेशीवर बसले. चौघांनी खाली माना घालून गंगाजीला दोषी म्हटलं. पाचव्याला ते म्हणाले, तुम्ही बाप आहात, तुम्ही बोलू नका.

"वडाराला म्हनलं तवा कुनी अडवलं नाही," नारोबा म्हणाला. "दोषी."

कड्यावर गंगाजीने बापाला एकच विचारलं म्हणे. "आबा, घागर आवडीला द्याल न्हवं?"

आवडीचं लग्न मोडलं. ती खिंडीत जाऊन भागाईच्या जागी बसली आणि म्हातारी होऊन मरेपर्यंत वाटसरूंना पाणी देत राहिली. सगुणेने शब्द पाळला. ती होती तोवर त्या घरात दिवा लागला नाही, सून शेजारच्या ओसरीवर जाऊन लावायची. तिमण्णा सुटला, पण त्या हाताने त्याला पुन्हा दगड फोडायची सुतकी धरता आली नाही. जाताना त्याने नारोबाला विचारलं होतं, तुला कधी कळलं? नारोबाने खरं सांगितलं. कळलं त्याच दिवशी तो बोलला असता तरी हात वाचला नसता, तो आधीच ठेचला होता. पण सात दिवस तिमण्णा मरण डोळ्यापुढे ठेवून कोंडलेला होता, आणि त्याची बायको वेशीबाहेर भीक मागत होती. तिमण्णाने गाठोडं खांद्यावर टाकलं. नागव्वा मात्र नारोबाच्या दारात थुंकली आणि मग दोघं गेली.

नारोबाने त्यानंतर एकच भांडं घडवलं. ती घागर मोडून त्याने परत हंडा केला, पाणपोईसाठी. बुडाशी तेच ठिगळ परत लावलं. सगळा हंडा मठारला, पण ठिगळाशी आला की हातोडा वरच राहायचा. तेवढी जागा कोरी सोडून त्याने हातोडा ठेवला तो कायमचा.

तेव्हापासून आजही आळीतलं प्रत्येक भांडं तेवढी जागा कोरी ठेवून बाहेर पडतं. लोक मला विचारतात, तुम्ही नारोबाच्या वंशातले ना? हो म्हटलं की हात जोडतात. पण नारोबाला मुलगा एकच होता. त्याच्या बायकोच्या पोटात जे लेकरू होतं, त्याचे आम्ही. नारोबाचे म्हणजे गंगाजीचेच. ते मी सांगितलं की जोडलेले हात जरा सैल होतात.

मी पन्नास वर्षं हे काम करतोय. आजही ती जागा आली की माझा हातोडा थांबतो आणि दर वेळी तोच विचार येतो. नारोबा सात दिवसांनी बोलला. मी किती दिवसांनी बोललो असतो? बोललो असतो का? समोर भालचंद्र ठोकत बसलेला असतो. त्या वेळी मी त्याच्याकडे बघत नाही.