ठकूबाईची मधली वीत

लई वर्षांमागची गोष्ट. किती वर्षं, ते मला विचारू नका. देवळापुढचा पिंपळ तेव्हा बोटाएवढा होता असं म्हणतात, आता बघा केवढा झालाय तो.

तेव्हा आपल्या बोरकड्यात, वरच्या आळीत, ठकूबाई होती. वाकळ शिवावी तर तिनंच. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून ती असे टाके घालायची, की थंडी दारातूनच परत जायची, असं म्हणतात. म्हातारपणी तिचे डोळे जायला लागले, तरी सुईत दोरा ती नुसत्या बोटांनी ओवायची.

तिची एकुलती लेक धुरपा. दिली होती ओढ्यापलीकडं, खालच्या आळीत, हाकेच्या अंतरावर. पण जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून दोन्ही आळ्यांची भांडणं झाली, डोकी फुटली, बोलणं बंद झालं. आता सांगा, जाखाईदेवीला काय फरक पडत होता? पण नाही! ओढा ओलांडून दुसऱ्या आळीत जायचं नाही म्हणजे नाही. देवळातही वरच्यांनी मंगळवारी जायचं, खालच्यांनी शुक्रवारी. अशी तीन वर्षं गेली. धुरपाला मुलगी झाली, ती चालायलाही लागली. डोळे पुरते जायच्या आत नातीचं तोंड एकदा बघायला मिळावं, एवढंच म्हातारीचं मागणं होतं.

ती कुणाच्या पाया पडली नाही. मार्गशीर्षातल्या एका सकाळी देवळापुढच्या अंगणात जाऊन बसली आणि दोन्ही आळ्यांना निरोप धाडला, की जाखाईला थंडी वाजतेय, तिच्यासाठी वाकळ शिवायचीय, घरटी एक चिंधी द्या आणि एक बाई पाठवा. देवीला नाही कोण म्हणणार? पाटलांनी तेवढी अट घातली, की वरच्यांनी वरच्या कडेला बसायचं आणि खालच्यांनी खालच्या. बायकाही कबूल झाल्या. वाकळ खळ्याएवढी, एकमेकींचं तोंड बघायचा प्रश्नच नव्हता.

अहो, पण जन्मभर वाकळा शिवलेल्या बाया त्या! वाकळ कडेपासून आत शिवत जातात, फेऱ्यावर फेरा घालत, हे काय त्यांना माहीत नव्हतं? रागात माणसाचं डोकं चालत नाही, दुसरं काय.

सात दिवस शिवण चाललं. ठकूबाईचा दोरा सात दिवस संपला नाही, असं म्हणतात. रोज फेरा लहान होत गेला. तिसऱ्या दिवशी पलीकडचं खोकणं ऐकू यायला लागलं. पाचव्या दिवशी कुणाचं लग्नातलं लुगडं कुठल्या चिंधीत आलंय, ते ओळखू यायला लागलं. सातव्या दिवशी मधे वीतभर जागा उरली आणि गुडघ्याला गुडघे लागले. मग कुणाची सुई हलेना. सगळ्या माना खाली घालून बसल्या.

ठकूबाईनं हात पुढं केला आणि समोरून आलेले टाके चाचपले. एक लांब, दोन आखूड. ही खोड एकाच हाताची होती, आणि त्या हाताला शिवण तिनंच शिकवलं होतं.

"आई," समोरून धुरपाचा आवाज आला, "माझा दोरा संपला गं."

"माझा घे," ठकूबाई म्हणाली. "आणि पोरीला दे माझ्याकडं."

दोघी रडल्या, मग सगळं अंगण रडलं. नात मांडीवर आली तेव्हा म्हातारीला लख्ख दिसलं, पोरीच्या गालावरचा तीळसुद्धा, असं म्हणतात. त्यानंतर डोळे गेले ते गेलेच. तिनं कधी तक्रार केली नाही.

रडण्याच्या नादात मधली वीत मात्र शिवायची राहिली. आजही मार्गशीर्षात ती वाकळ अंगणात पसरतात. घरटी एक चिंधी कडेला जोडतात. आणि मागल्या वर्षी शिवलेली मधली वीत उसवतात. वर्षभरात ज्यांचं बोलणं बंद झालंय, त्यांनी तिथं समोरासमोर बसून ती शिवायची. यातून पाटलाचीही सुटका नाही.

गेल्या वर्षी मी बसले होते, माझ्या धाकट्या जावेसमोर. माझं रीळ भरलेलं होतं. तरी मी तिच्याकडं दोरा मागितला.