गेरू लावलेला फणस

एका गावात एक खोत होता आणि त्याच्या अंगणात गावातला सर्वांत उंच फणस होता. त्या उंचीचं श्रेय खोत स्वतःकडे घेत असे.

एकदा वळवाच्या पावसात नेमकी त्याच फणसावर वीज पडली. खोडातल्या रसाची क्षणात वाफ झाली. त्या वाफेनं शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सालीचा पट्टाच्या पट्टा सोलून गोठ्यावर भिरकावला, आणि आतलं लाकूड करपून गेलं. झाड मात्र उभंच राहिलं. झालं, आपल्या फणसानं वीज पचवली म्हणून खोत गावभर सांगत सुटला.

पुढे पानं पिवळी पडली, सोललेल्या जागेतून भुसा गळू लागला. झाड आतून गेलंय, उतरवून घ्या, असं खोतीण सांगून थकली. पण मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. अंगणात फणसाऐवजी खुंट दिसला तर खोताची शान ती काय राहिली? त्यानं जखमेवर गेरू फासला, वर चुन्याचे पट्टे ओढले आणि पंगत झाडाखालीच बसेल असं जाहीर केलं. खोतिणीनं जेवणाची पानं सरळ पडवीत मांडली.

जेवणं झाली तरी खोताला चैन पडेना. पाहुण्यांना अंगणात नेऊन त्यानं विजेची कथा पुन्हा सांगितली आणि कौतुकानं बुंध्यावर हात आपटला. वर काहीतरी कडाडलं. खोत उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. भलीमोठी फांदी झाडाखाली मांडलेल्या त्याच्या लाडक्या आरामखुर्चीवर आली आणि खुर्चीचा चुरा झाला. फांदी आतून पार काळी होती. खोतानं घाम पुसला, तर हाताचा गेरू सगळ्या तोंडाला लागला.

मुलाच्या बापानं फांदीकडे पाहिलं, मग त्या लाल तोंडाकडे.

"खोत, झाडाचं राहू द्या. मुलीच्या बाबतीत कुठे गेरू लावला नाही ना?"

खरं सांगावं तर सोयरीक मोडायची. पण खुर्चीकडे पाहिल्यावर खोताला खोटं बोलायचा धीर होईना.

"लावला होता," तो म्हणाला. "मुलगी घोरते. सगळं घर जागं होतं."

आत मुलीनं कपाळावर हात मारून घेतला. मुलाची आई मात्र हसत सुटली.

"आमचाही घोरतो. आम्ही सांगणारच नव्हतो."

सुपारी तिथेच फुटली. फणस दुसऱ्या दिवशी उतरवला आणि लग्नाचा स्वयंपाक त्याच्याच लाकडांवर झाला.

तात्पर्य: घावाला रंग दिला म्हणून तो भरत नाही, वेळेवर दाखवला, तर निदान खुर्ची तरी वाचते.