आवडीचं माहेरपण

एकदा काय झालं, एका नदीच्या काठी दोघी मायलेकी राहत होत्या. लेकीचं नाव आवडी. तिचे वडील होडी चालवायचे. ते वारले, मग या दोघीच माणसांना ह्या काठावरून त्या काठावर सोडायला लागल्या. गाव गरीब. सगळ्यांची भातशेती. पण त्या गावाला एक दुःख होतं, बरं का. दरवर्षी भात छान वाढायचं, लोंब्या यायच्या, आणि लोंबी चोळून बघावी तर आत दाणाच नाही! नुसती फोलं. भादवा सरला की घरोघर कण्यांची पेज, तीही पातळ. आई म्हणायची, "मला भूक नाही गं," आणि आपल्या वाटीतली पेज आवडीच्या वाटीत ओतायची. आवडीला का कळत नव्हतं?

मग एके दिवशी उन्हं कलताना होडीवर एक म्हातारा आला. डोक्याला लाल मुंडासं. पाय तापून फुटलेले, टाचांना भेगा. आई म्हणाली, "बाबा, आधी बसा. असे पाय घेऊन कुठं निघालात?" तिनं नदीचं पाणी आणलं, त्याचे पाय धुतले, भेगांना तेल चोळलं. घरातली सगळी पेज त्याला वाढली.

म्हातारा पेज प्यायला. म्हणाला, "बाई, मी सूर्य."

मायलेकी बघतच राहिल्या.

"आभाळात माझ्या वाटेवर बारा घरं आहेत," तो म्हणाला. "एकेका घरी मी महिनाभर मुक्काम करतो. कुठं मेंढा आहे, कुठं बैल, कुठं खेकडा, कुठं विंचू. सगळे माझी वाट बघत चूल पेटती ठेवतात. पण सिंहाचं घर सोडलं की पुढचं घर रिकामं. चूल थंड. तिथं मी थांबू कसा? तसाच दमून पुढं जातो. तुमच्या भातात दाणा भरायचा तो हाच महिना. मीच थांबत नाही, मग दाणा कुठून भरणार?"

आवडीनं विचारलं, "आजोबा, तिथं कुणी राहायला आलं तर?"

"तर मी थांबेन. पण जो येईल त्यानं चूल कधी विझू द्यायची नाही. एकदा विझली की ते घर कायमचं गेलं. म्हणजे त्याला परत यायचं नाही, बाळ."

आई चटकन उठली आणि भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी पुन्हा घासली. सकाळी आवडी म्हणाली, "आई, मी जाते." आईनं चुलीतला विस्तव एका खापरात घालून दिला. परड्यातली एक हिरवी लोंबी तोडून तिच्या हातात दिली. मग होडीचा दोर सोडला.

नदी क्षितिजाला टेकते ना, तिथून होडी वर चढली. आभाळात गेली.

आवडीनं रिकामं घर झाडलं, चूल पेटवली. सूर्य आला, महिनाभर राहिला. आणि खाली गावात काय झालं? लोंबीलोंबीत दाणा भरला! लेकरं पोटभर जेवली. लोकांनी आवडीच्या आईला नवी होडी बांधून दिली.

पण आवडी? सूर्य पुढच्या घरी गेला की ती एकटी. लाकडं सारायची, राख काढायची, आणि दारात बसून खाली बघायची. इतक्या उंचावरून नदी म्हणजे एक दोरा. त्या दोऱ्यावर आईची होडी कुठली दिसायला! तिला सारखं वाटायचं, आई आत्ता जेवली असेल का? तिला कोण म्हणत असेल, जेव म्हणून?

मग एकदा तिला राहवेना. ती शेजारच्या सिंहाकडे गेली. "सिंहदादा, माझी चूल सांभाळशील? आईला बघून येते."

"जा की!" सिंह म्हणाला. तो चुलीपुढं बसला. ऊब लागली, डोळे मिटायला लागले, आणि त्यानं दिली एक जांभई. सिंहाची जांभई ती! विस्तव उडाला की घरभर. आवडी होडीत पाय ठेवत होती, तशीच धावत आली. निखारे वेचता वेचता बोटं भाजली.

मग ती दुसऱ्या बाजूच्या तराजूवाल्या काकांकडे गेली. काका माणूस चांगला, पण भारी काटकसरी. एका पारड्यात काडी, दुसऱ्यात जाळ. "एवढ्या जाळाला एवढं लाकूड? छे छे!" असं म्हणत त्यांनी अर्धं लाकूड बाजूला काढलं. आवडी चांदोबापर्यंत पोचली होती. मागं वळून बघते तर तिच्या घराचा धूर बारीक झालेला. आली परत.

मग ती लांब मिथुनाच्या घरी गेली. तिथं नवराबायको राहतात. बायको वीणा वाजवते. "वहिनी, तुम्ही तरी येता?" दोघं आनंदानं आली. आणि या वेळी आवडी खूप खाली उतरली, बरं का. इतकी खाली की नदीचं पाणी दिसलं, होडी दिसली, होडीत आई दिसली. आईचे केस पांढरे झाले होते. ती डोळ्यांवर हात धरून आभाळाकडेच बघत होती.

"आई!" आवडीनं हाक मारली. वारा उलटा होता. हाक पोचली नाही.

तिनं मागं बघितलं. वरती दोघं वीणेत रंगून गेलेली, आणि घरावर धूरच नाही. खाली शेतात लोंब्या डुलत होत्या. चूल विझली तर त्यांची पुन्हा फोलं. आवडी होडीत उभी राहिली. एकदा आईकडे बघितलं. मग होडी वर वळवली.

चुलीत एकच ठिणगी उरली होती. तिनं ती फुंकून फुंकून जगवली. पुन्हा कुणाकडे गेली नाही.

मग सूर्याचा महिना आला. सूर्य जेवायला बसला. पहिला घास घेतला आणि थांबला. "आवडी, आज भात खारट झालाय गं."

"मी मीठ घातलंच नाही, आजोबा."

सूर्यानं हातातला घास खाली ठेवला. "मग?"

तेव्हा आवडीनं सगळं सांगितलं. आणि म्हणाली, "आजोबा, एक विचारू? रागावू नका. तुम्ही घरात असता, तेव्हा चूल राखायला मी कशाला हवी? तुमच्याइतका विस्तव कुणाजवळ आहे?"

इतकी वर्षं घरोघरी सूर्य पाहुणा म्हणून जेवला होता. तू घर सांभाळ, असं त्याला कुणी म्हटलंच नव्हतं! मग तो खदखदून हसला. "खरंच की गं! तांदूळ मांडीवर घेतले तरी शिजतील माझे. जा, पोरी. मी आहे तोवर राहा आईजवळ. जा लवकर!"

आवडी निघाली ती थेट नदीवर. आई काठाशी बसली होती. डोळ्यांना आता धूसर दिसायचं. आवडी गुपचूप आईच्या होडीत जाऊन बसली. आईला वाटलं, कुणी बाई आहे पलीकडे जाणारी. तिनं होडी सोडली.

"कुठल्या गावची गं तू?" आईनं विचारलं.

"इथलीच."

"इथल्या सगळ्या पोरी मला ठाऊक आहेत," आई म्हणाली. "एकच तेवढी..."

आणि वल्हं थांबलं.

होडी धारेला लागली, वाहत निघाली. दोघींपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. शेवटी गावातल्या लोकांनी काठानं धावत जाऊन दोर टाकला आणि हसत, डोळे पुसत दोघींना ओढून आणलं!

महिनाभर आवडी आईच्या कुशीत निजली. नव्याच्या पुनवेला आईनं तिच्या हातची तांदळाची खीर खाल्ली. तिनं वाढली तेवढी सगळी. मग निघायची वेळ झाली. आई म्हणाली, "जा गं. आजोबा खोळंबले असतील." आणि ती दिसेनाशी झाली तरी आई तिथंच उभी राहिली.

पण आता जाणं परतीसाठी होतं. ते बघून बाकीच्या घरांनीही सूर्याला हेच मागितलं. बैल आपल्या गोठ्यात जाऊन येतो, खेकडा आपल्या खाडीत. म्हणून सूर्य ज्या राशीच्या घरी असतो ना, ती रास त्या महिन्यात आभाळात दिसत नाही. भादवा सरताना कन्या रास शोधाल, तर सापडायची नाही. ती माहेरी असते.

मायलेकी सुखी झाल्या, गावाला पोटभर भात मिळाला. चला, पांघरुणं घ्या ओढून. ए, सरक जरा तिकडं, मलाही आडवं होऊ दे. मिटा आता डोळे.