उतरायचा जिना वेगळा

"चाकं वेगळी," एजंट मेहेंदळे म्हणाले, आणि नानाशेठांच्या हातातला पेढा हातातच राहिला.

नानाशेठ म्हणजे 'भुर्र विमानसेवे'चे मालक. तिकीट एसटीच्या भावात, पण पाणी मागितलं की पैसे, खिडकी मागितली की पैसे, पिशवी जरा फुगली की पैसे. धंदा वाढला, तसं त्यांना नवं विमान हवंसं झालं. मेहेंदळे विलायती कारखान्याचे एजंट. त्यांनी नमुन्याचं विमानच आणून उभं केलं आणि भाव इतका कमी सांगितला, की शेठ जिना चढून आत गेले, हात मिळवला आणि पेढे वाटून मोकळे झाले. चाकांची गोष्ट त्यानंतर निघाली.

"अहो, मग हे कशावर उभं आहे?"

"ही नमुन्याची. परत न्यायचीत. खुर्च्या वेगळ्या, दारं वेगळी, संडास वेगळा. शेठ, ही रीत मी तुमच्याच तिकिटावरून शिकलो."

"मी दुसऱ्या कारखान्याचं विमान घेईन."

"घ्या की. पण तुमचे पायलट आमच्याच विमानांवर शिकलेले, मिस्त्री आमचेच स्क्रू ओळखतात. विमान बदललंत, तर माणसंही बदलावी लागतील. जाता कुठे?"

शेठ चडफडले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं, तर दोघांत चोर कोण हेच ठरेना. मग सगळ्या शेठलोकांना सुचतं तेच त्यांना सुचलं. दारापाशी सुगंधाबाई झाडत होत्या, साफसफाईच्या बायकांच्या मुकादम.

"बाई, चाकांचे पैसे कुठूनतरी काढायला हवेत. उद्यापासून तुमची टोळी बंद. हवाईसुंदऱ्याच झाडतील."

सुगंधाबाईंनी झाडणं थांबवलं. टोळीतल्या बायकांच्या चुली त्या झाडूवरच पेटत होत्या.

"आणि चाकं फुकट मिळाली तर?"

"या माणसाकडून? मिळवून दाखवा. टोळी कायम!"

सुगंधाबाईंनी झाडू काखोटीला मारला, जिना उतरल्या आणि जिन्याच्या ड्रायव्हरला हात केला. चाकांवरचा तो जिना घरंगळत लांब जाऊन उभा राहिला.

थोड्या वेळानं मेहेंदळे दारात आले, पाय बाहेर टाकला आणि कसाबसा परत घेतला.

"अहो बाई, जिना लावा!"

"लावते की साहेब. चढायचा किमतीत होता. उतरायचा वेगळा."

"हा काय चावटपणा? मी दुसऱ्या कंपनीचा जिना मागवतो."

"मागवा की. इथले जिने सगळे भुर्रचेच. जाता कुठे?"

मेहेंदळे आत जाऊन येरझाऱ्या घालू लागले. पण ऊन तापलं, पत्रा तापला, पेढ्यावर प्यायलेलं पाणी आता बाहेर पडू म्हणत होतं. आणि संडास वेगळा असल्यामुळे त्यांनी तो नमुन्यात बसवलाच नव्हता.

"बाई, काय घेणार ते बोला!"

"चाकं, खुर्च्या, दारं, संडास. सगळं ठरल्या किमतीत."

मेहेंदळ्यांनी पेढ्यांच्या खोक्याच्या झाकणावर तसं लिहून दिलं, सही केली आणि झाकण खाली टाकलं. सुगंधाबाईंनी ते नीट वाचून पदराखाली ठेवलं.

शेठ हसत हसत दारातच बसले. "शाब्बास! टोळी कायम. आणि तुम्हाला भुर्रचा प्रवास जन्मभर फुकट. खिडकीचे पैसे मात्र पडतील हं."

सुगंधाबाईंनी मान वर करून पाहिलं.

"शेठ, तुम्हीपण अजून वरच आहात."

शेठ इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "खिडकीसकट, बाई! पाण्यासकट! अख्ख्या टोळीला! आता तेवढा जिना लावा."

जिना लागला. पहिले मेहेंदळे उतरले, तेही धावत.