पावणारा खळगा

एकदा एका तालुक्याच्या गावी एक क्रिकेट मंडळ होते आणि त्या मंडळाला एक देव होता. हा देव देवळात नव्हता, तो खेळपट्टीवर होता.

माळावरच्या त्या खेळपट्टीला कडेच्या चिंचेच्या झाडाच्या बाजूने, फलंदाजाच्या पुढ्यात, पंजाएवढा एक खळगा पडला होता. मंडळाचा जुना सिमेंटचा रोलर एका कडेला फुटलेला होता. तो कितीही ओढला तरी नेमकी तेवढी जागा दबत नसे. तेथे चेंडू पडला की कधी तोंडाशी उसळे, तर कधी जमिनीलगत सरपटत जाई. पाहुण्या संघाला हे ठाऊक नसे आणि घरच्यांना ते पुरते पाठ होते. एकदा कोणीतरी गमतीने त्या जागी नारळ फोडला. त्या दिवशी मोठा सामना जिंकला आणि मग रिवाजच पडून गेला. सामन्याआधी खळग्याला हळदकुंकू वाहायचे, शेजारी नारळ फोडायचा, मग मैदानात उतरायचे. पाहुण्यांना वाटे, काय ही खेळावरची श्रद्धा! पावायला लागला की आपल्याकडे दगडालाही शेंदूर मिळतो, खळग्याला मिळाला यात नवल कसले?

या मंडळाच्या मुलांना एक वृद्ध गुरुजी खेळ शिकवीत. दरवर्षीच्या सभेत ते एकच मागणे मागत, "यंदा तेवढा नवा रोलर घ्या." सगळे मान डोलावत आणि वर्गणीतून भलतेच काही येई. कधी रंगीत गणवेश, कधी ध्वनिक्षेपक, तर कधी लहान मुलाएवढ्या उंचीचा चषक.

गुरुजींचा एक लाडका शिष्य होता. तो मंडळाचा कप्तान आणि वेगवान गोलंदाज. चिंचेकडच्या खळग्यावर चेंडू टाकावा तो त्यानेच. पण हाच गडी जिल्ह्याच्या निवड चाचणीला गेला की हात हलवीत परत येई. "माळावरचा वाघ, जिल्ह्याला गेला की शेळी," असे लोक चेष्टेने म्हणत. त्याला ते फार लागे. वयाच्या अटीमुळे यंदा त्याची अखेरची संधी होती, आणि नशीब असे की जिल्ह्याचे निवडकर्ते यंदा अंतिम सामना पाहायला याच माळावर यायचे होते.

सामन्याच्या काही आठवडे आधी गुरुजी शिष्याला घेऊन गावातल्या धान्याच्या व्यापाऱ्याकडे गेले. व्यापारी उदार होते, पण त्यांच्या उदारपणाला चारचौघांनी पाहिलेले आवडे.

"रोलर?" शेठजी हसले. "अहो गुरुजी, मी छानपैकी मंडप बांधून देतो. कमानीवर वडिलांचं नाव येईल. रोलरवर नाव घातलं तर ते गरागरा फिरताना वाचणार कोण?"

"मंडपात बघणारे बसतात शेठजी, खेळणारे मातीवर उभे असतात," गुरुजी म्हणाले. "मला रोलरच हवा."

शेठजींनी शिष्याकडे पाहिले. "काय कप्तान, जिंकणार ना? चषक आठवडाभर माझ्या दुकानात राहिला पाहिजे."

"शब्द देतो, शेठजी. चषक तुमचाच," शिष्य म्हणाला. शेठजींनी रोलर कबूल केला.

लोखंडी रोलर आला. गावाने वाजतगाजत त्याची पूजा केली. दुसऱ्या दिवशी पहाटे शिष्य माळावर आला तेव्हा गुरुजी गुडघ्यांवर बसून खळगा खरवडत होते. शेजारी चाळलेल्या काळ्या मातीची पाटी होती.

शिष्य धावत पुढे आला. "गुरुजी, हे काय करता? सामना तोंडावर आलाय!"

"म्हणूनच. पाणी आण."

"सामना होऊ द्या. मग बुजवा, हवं तर मी स्वतः बुजवतो. पण आत्ता नको, पाया पडतो तुमच्या."

"पाणी आण," गुरुजी पुन्हा एवढेच म्हणाले.

गुरूचा शब्द मोडायची रीत नव्हती. शिष्याने पाणी आणले, माती कालवली, आणि नंतर रोज सकाळी आपल्याच हातांनी आपल्या दैवावरून तो रोलर ओढला. दोर ओढताना त्याच्या डोळ्यांत पाणी येई. तो घाम पुसल्यासारखे करी.

अंतिम सामन्याच्या दिवशी त्याने सवयीने चेंडू त्याच जागी टाकला. चेंडू सरळ, समंजसपणे उसळला आणि फलंदाजाने तो सीमेपार धाडला. पुन्हा तेच झाले, पुन्हा तेच. मग हळूहळू शिष्याला उमगले की आता या मातीकडे मागण्यासारखे काही नाही. तो मनगटाकडे आणि शिवणीवरच्या बोटांकडे वळला. दिवस कलता कलता एक चेंडू हवेत वळला, पायाशी पडला आणि यष्टी उखडून गेला. दिवसभरात त्याला तेवढा एकच बळी मिळाला. सामना हातचा गेला. निवडकर्ते कागद गुंडाळून निघून गेले, त्याचे नावही कोणी विचारले नाही.

माळ रिकामा झाल्यावर तो गुरुजींसमोर येऊन उभा राहिला. "माझी शेवटची संधी होती, गुरुजी. माझं काय चुकलं होतं?"

"तुझं नुकसान झालं बाळा, आणि ते मी केलं. ते मला आयुष्यभर डाचेल," गुरुजी म्हणाले. "पण मागच्या वर्षी याच खळग्यावरून उसळून चेंडूनं एका परक्या पोराचा जबडा मोडला. त्याच संध्याकाळी आपण इथं नारळाचं खोबरं वाटून खाल्लं. ते माझ्या घशाखाली उतरलं नाही. रोलर नव्हता तोवर माझा इलाज नव्हता. तो आल्यावर एक दिवस जरी थांबलो असतो, तर मीही त्या खळग्याचा पुजारीच झालो असतो. आणि तुझं म्हणशील, तर आजवर एवढे बळी घेतलेस, त्यात तुझे किती नि खळग्याचे किती, सांगता येईल तुला?"

शिष्य बोटांवर बळी मोजू लागला आणि मध्येच थांबला. "नाही. आजचा एक मात्र माझा."

"तो आता कोणत्याही मैदानावर तुझ्याबरोबर येईल," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

काही दिवसांनी शेठजी तणतणत माळावर आले. चषकाविना दुकान सुने राहिले होते. "शब्द दिला होतास तू! माझ्या पैशाचं चीज कुठं झालं, दाखव मला."

शिष्याने हातातला दोर खाली ठेवला, शेठजींना खेळपट्टीवर नेले आणि त्यांचा हात धरून चिंचेकडच्या मातीवर टेकवला. "शब्द खोटा ठरला, माफी असावी. पण इथं खळगा होता. शोधा बरं."

शेठजींनी तळवा इकडून तिकडे फिरवला. "कुठंय? काहीच लागत नाही हाताला."

"तेच तुमचं दान, शेठजी."

शेठजींचा हात काही वेळ तसाच मातीवर राहिला.

पुढच्या सामन्याआधी मुलांनी नारळ आणला आणि तो कुठे फोडायचा म्हणून ती घुटमळली. शिष्याने पाहुण्या कप्तानाला बोलावून घेतले, नारळ रोलरवर फोडला आणि पहिला तुकडा त्याच्या हातावर ठेवला. त्या दिवशी गुरुजींनीही खोबरे मागून घेतले.