खुणेच्या वरचे तेल

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध मिस्त्री गॅरेज चालवीत असत. नाव दस्तगीर, पण सारी पंचक्रोशी त्यांना उस्ताद म्हणे. त्यांचा शिष्य सुकुमार हाताचा गुणी आणि मनाचा मायाळू. जरा जास्तच मायाळू म्हणा ना!

एके सकाळी नलूताई आल्या. दिवस भरलेल्या बायकांना त्या आपल्या डिझेल गाडीतून घाट चढवून मोठ्या दवाखान्यात नेत. म्हणाल्या, "सुकुमार, गाडी निळा धूर सोडतेय बघ. दुपारी एका पोरीला न्यायचंय."

हवा जोराने ढकलणाऱ्या टर्बोच्या पंख्याकडून इंजिनात ती हवा नेणारा रबरी पाइप सुकुमारने सोडवला. आत बोट घातले, ते तेलाने माखून बाहेर आले. हवेच्या वाटेत तेल!

"उस्ताद, टर्बो गेला! ताईंची गाडी आज काही निघत नाही."

उस्तादांनी टर्बोचा पंखा दोन बोटांनी हलवून पाहिला. तो जराही डुगडुगला नाही, म्हणजे टर्बो धड होता. मग ते गाडीखाली सरकले, घमेले ठेवले आणि तळाचा नट सोडला. इंजिनचे ऑइल भळाभळा वाहू लागले.

"अहो, हे काय करताय?" सुकुमार जवळजवळ ओरडलाच. "आधीच गाडी तेल गमावतेय, अन् तुम्ही उरलेलं काढताय?"

घमेल्यात चांगले दीड लिटर आल्यावर उस्तादांनी नट आवळला. थोड्या वेळाने म्हणाले, "आता तेल मोजायची पट्टी पुसून बुडव."

सुकुमारने पट्टी वर काढली आणि पाहतच राहिला. एवढे काढूनही तेल बरोबर वरच्या खुणेवर, म्हणजे पूर्ण मापावर होते.

"कुणी भरलं होतं?" उस्तादांनी विचारले.

"मीच," सुकुमार म्हणाला. "ताई पुण्याचं काम करतात, म्हणून... वरून थोडं."

"पंगतीत आग्रहानं तूप वाढावं तसं?" उस्ताद हसले नाहीत. "बेटा, इंजिनाच्या पोटात थोडी जागा रिकामी ठेवलेली असते. ती त्याच्या श्वासासाठी. तीच तू भरलीस. आतला फिरता दांडा तेलात बुडला, तेल घुसळून फेस झाला, श्वासाच्या नळीतून चढला अन् हवेच्या वाटेत साचला. आणखी साचलं असतं, तर भर घाटात इंजिन ते तेल पिऊन उधळलं असतं. चावी काढली तरी बंद झालं नसतं. अन् मागच्या सीटवर अडलेली पोर."

सुकुमारने पट्टी परत जागेवर खोचली. आपल्या हाताने, इतक्या प्रेमाने, आपण हे करून बसलो? त्याचा स्वतःवरच विश्वास बसेना.

"खूण तुझा हात आखडावा म्हणून नाही आखलेली," उस्ताद हळूच म्हणाले. "बरं, आता आठव. आणखी कुणाकुणाला असं वाढलंस?"

सुकुमार बोटांवर मोजू लागला. थोरला भाऊ. मेहुणे. शाळेचे गुरुजी. त्याने घाईघाईने फोन लावला.

"दादा, कुठं आहेस? घाटात? गाडी बाजूला घे. का ते मग सांगतो, आधी बाजूला घेऊन बंद कर!"

पलीकडे इंजिन शांत झाल्याचे ऐकू आले, तेव्हा कुठे त्याने कारण सांगितले. मग एकेक करून त्याने आपल्या सगळ्या जिवलगांना फोन केले. परक्या गिऱ्हाइकांपैकी एकालाही करावा लागला नाही. त्यांना त्याने तेल मापात घातले होते.