दोरीवरचा लंगोट

भागवतचा कारखाना कायमचा बंद पडला. हाती आलेल्या पैशांत एक फ्लॅट घ्यायचा आणि त्याच्या भाड्यावर चूल पेटती ठेवायची, एवढीच आशा उरली होती. त्याची बायको सारिका मात्र धास्तावलेली. हे पैसे बुडाले, तर कडेवरच्या तान्ह्याला दूध कुठून आणायचं?

रविवारी सकाळी दोघं बिल्डरच्या ऑफिसात गेली. समोर इमारत कडक उन्हात उभी होती. बिल्डर धनेशशेठ चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अख्खी इमारत भाडेकरूंनी भरलीय! विकायचे दोनच फ्लॅट उरलेत. भागवतराव, करा सही!"

भागवतने पेन उचललं. सारिका खिडकीतून इमारतीकडेच बघत होती.

"शेठ, एक विचारू?"

"विचारा की, वहिनी! ओटा मोठा हवाय ना?"

"ओट्याचं राहू द्या. तुमचे भाडेकरू कपडे धूत नाहीत का हो? खिडकी-खिडकीला नवा पडदा आहे, पण एवढ्या गॅलऱ्यांत एकाही दोरीवर साधा लंगोट वाळत नाही."

गिऱ्हाइकांनी माना वर करून गॅलऱ्या पाहिल्या आणि ती चपला शोधू लागली. भागवतने पेन खाली ठेवलं.

वाटेत तो म्हणाला, "पैसे वाचले गं. पण आता ते बसून खायचे, आणि संपले की?"

घरी येऊन सारिकाने पोराचा ओला लंगोट दोरीवर टाकला आणि दोरी धरून तशीच उभी राहिली.